नव्या शहरात किराणा आणि मुलांची पुस्तकं एकाच यादीत कशी बसवायची

गावाकडून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात बिऱ्हाड हलवलं की पहिले काही महिने पगार कुठे जातो ते कळतच नाही. घरभाडं, शाळेची फी, लोकलचा पास हे आकडे ठरलेले. त्यांना हात लावता येत नाही. मग कात्री लागते किराण्याला आणि मुलांच्या पुस्तकांना. किराणा थांबवता येत नाही, त्यामुळे पुस्तकांचा नंबर आधी लागतो. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता म्हणता मूल तिसरीत जातं आणि घरात पाठ्यपुस्तकांशिवाय छापलेला कागद म्हणजे कॅलेंडर.

यावर माझा उपाय साधा आहे: पुस्तकाला वेगळं बजेट ठेवू नका. किराण्याच्या यादीतच त्याला एक ओळ द्या आणि त्या ओळीचे पैसे किराण्यातूनच काढा. वेगळं बजेट पहिल्याच अडचणीला मोडतं. यादीतली ओळ सहसा मोडत नाही, कारण यादी दर महिन्याला लिहावीच लागते. हे जमवायचं कसं, ते खाली क्रमाने लिहिते. आमच्या घरात दोन मोठे आणि दोन लहान आहेत, त्यामुळे आकडे त्या मापाचे आहेत. तुमच्याकडे सासू-सासरे असतील तर त्याप्रमाणे वाढवा.

आधी एवढं जमवून ठेवा

- घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, मुलांचीसुद्धा
- गावाकडचं रेशन कार्ड असेल तर त्याचा बारा अंकी क्रमांक (कार्ड गावीच राहिलं असेल तर फोटो मागवून घ्या)
- भाडेकरार किंवा विजेचं बिल आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- शंभर पानी वही. मोबाइलमधली यादी चालते, पण वही ओट्याजवळ टांगता येते आणि मुलांनाही तिच्यात लिहिता येतं.
- साधा वजनकाटा. परवडत नसेल तर शेजारणीचा आणा, पण पहिल्या महिन्यात तो लागतोच.

१. पहिल्या महिन्यात काटकसर करू नका, फक्त लिहा

सगळे इथेच घाई करतात. नव्या घरात गेल्या गेल्या मोठ्या दुकानातून गाडी भरून सामान आणतात आणि महिनाअखेरीला साबुदाणा तसाच, तेल मात्र संपलेलं. पहिल्या महिन्यात जे लागेल ते थोडं थोडं आणा आणि किती आणलं ते वहीत लिहा. महिना संपला की तुमच्या घराचं माप तुमच्या हातात येतं.

सुरुवातीला अंदाज म्हणून आमची यादी घ्या: गहू ९ किलो, तांदूळ ५, ज्वारी ३, तूरडाळ २, मूगडाळ १, मटकी-चवळी-हरभरा मिळून २, तेल ३ लिटर, साखर २, गूळ १, शेंगदाणे १, पोहे १, रवा अर्धा, साबुदाणा अर्धा, चहा पावडर अर्धा किलो. मसाला, मीठ, हळद, साबण वेगळं. भाकरी खाणारं घर असेल तर गहू आणि ज्वारीचे आकडे उलटे करा. कोकणातले असाल तर तांदूळ दुप्पट धरा, मला विचारूसुद्धा नका.

यादीच्या शेवटी, साबणाच्या खाली, लिहा: "पुस्तक १". पहिल्या महिन्यात ती ओळ रिकामी राहिली तरी चालेल, पण ती असू द्या.

२. रेशन गावीच अडकलंय असं समजू नका

गावच्या दुकानात कार्ड आहे म्हणून कित्येक कुटुंबं शहरात आल्यावर रेशन सोडून देतात. त्याची गरज नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावरचं धान्य दुसऱ्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातल्या रास्त भाव दुकानातही उचलता येतं. दुकानदाराला कार्डाचा क्रमांक सांगायचा आणि ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा.

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. चार माणसांचे २० किलो म्हणजे वरच्या यादीतलं गहू-तांदळाचं बिल जवळजवळ पुसलंच. केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं मात्र नाही. प्राधान्य यादीत नाव आहे का ते आधी बघा. पांढऱ्या कार्डावर हे धान्य मिळत नाही.

अडतं ते ई-केवायसीपाशी. घरातल्या प्रत्येकाचं आधार रेशन कार्डाशी जोडलेलं आणि पडताळलेलं असावं लागतं. मुलाचं आधार तान्हेपणी काढलं असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवावे लागतात. ते राहून गेलं की मशीन त्याचं बोट ओळखत नाही. शिधावाटप कार्यालयात जाण्याआधी आधार केंद्रात जाऊन हे उरकून घ्या. कार्यालयाबाहेर "ताई, मी करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून आत जा. दुकानदाराने दुसऱ्या गावचं कार्ड आहे म्हणून परत पाठवलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

३. सालाचं धान्य: मोह आवरा

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची रीत आहे आणि ती गावाकडे रास्तही आहे. गच्ची आहे, ऊन आहे, कणगी आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि ऑगस्टमध्ये गव्हाच्या डब्यात टोके फिरायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे: या पट्ट्यात धान्य वर्षाचं भरू नका. हंगामात तीन-चार महिन्यांचं भरा.

हंगाम मात्र पाठ करून ठेवा, पैसे तिथे वाचतात. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर सोडू नका. गहू मार्च-एप्रिलमध्ये, नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा त्याच्या मागोमाग. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, पण भात मोकळा हवा असेल तर जुनाच घ्या. नवा तांदूळ पेजेला आणि मऊ भाताला चांगला. गूळ थंडीत घ्या. मिरची फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे मसाला एप्रिल-मेमध्ये, आणि तो कुटून घ्यायला तीन-चार घरांनी मिळून डंकावर जायचं.

कांदा उन्हाळी घ्या, तो टिकतो. खरिपाचा कांदा पाणीदार असतो, तो साठवायला घेतलात तर पंधरवड्यात वास सुटतो.

भरलेल्या गव्हाला एरंडेल तेलाचा हात लावा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि डबा शिगोशिग भरा. रिकामी जागा राहिली की कीड लवकर होते. बाजारात धान्यात टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या मिळतात, त्या लहान मुलांच्या घरात आणूच नका.

४. काय कुठून घ्यायचं

एकाच ठिकाणाहून सगळं घेण्यात वेळ वाचतो, पैसे नाही. आमची वाटणी अशी आहे.

डाळी, कडधान्यं, शेंगदाणे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, सुटे. तो पाव किलो देतो, हे महत्त्वाचं. "शेठ, ही तूर आधी पाव किलो द्या, शिजवून बघते, मग दोन किलो नेते," असं म्हटलं की तोही गोणी बदलून दाखवतो. मॉलमध्ये हे शक्य नाही. शिवाय सुट्या धान्यावर जीएसटी लागत नाही. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे.

साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट मोठ्या दुकानातून, दोन महिन्यांतून एकदा. तिथे मुलांना नेऊ नका. बिलाच्या काउंटरजवळ चॉकलेटं लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर मांडलेली असतात.

घाऊक भावात घ्यायचं तर वाशीच्या बाजार समितीतलं दाणा मार्केट आहे. पण तिथे ३०-५० किलोच्या गोणीत माल, वर हमाली आणि टेम्पो. एकट्या घरासाठी तो व्यवहार परवडत नाही. इमारतीतली चार घरं एकत्र आली तरच जा.

आता जी गोष्ट नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही ती: मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून चालू असलेली ही ग्राहकांची संस्था आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, पैसे आधी भरतात आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांचा माल एका घरी येतो. उतरवणं, मोजणं, वाटणं सगळं सभासदांनीच करायचं, पाळीपाळीने. मधली दुकानदारी नाही, म्हणून भाव बरा आणि माल निवडक. तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत संघ आहे का ते आधीच्या पिढीतल्या काकूंना विचारा, नव्या मंडळींना बहुतेक माहीत नसतं. दोन अडचणी मात्र लक्षात घ्या: मागणी बरीच आधी द्यावी लागते आणि ब्रँडचा हट्ट चालत नाही. त्या बदल्यात मिळते ती ओळख. नव्या गावात शाळा कुठली चांगली, डॉक्टर कोण, मुलांची जुनी पुस्तकं कुणाकडे पडून आहेत, हे सगळं तूरडाळ वाटताना कळतं.

तांदळाबद्दल एक सूचना. 'वाडा कोलम'ला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या नावाने विकला जाणारा सगळाच तांदूळ पालघरच्या वाड्यातला नसतो. गोणीवरच्या नावाचे जादा पैसे देण्याआधी मूठभर शिजवून बघा.

५. पाकीट वाचायचं काम मुलांना द्या

पाकिटावर छापील किमतीशेजारी बारीक अक्षरात 'यूएसपी' लिहून दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव दिलेला असतो. तोच बघायचा, मोठा आकडा नाही.

तेलाच्या पिशव्यांत सगळ्यात जास्त फसायला होतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दुकानात त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशवीत ८०० ग्रॅमच असू शकतं. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आहे आणि शेजारची ८०० ग्रॅमची १२८ ला. दिसायला दुसरी १२ रुपयांनी स्वस्त. भागाकार केला तर पहिली किलोला १५४ आणि दुसरी १६० पडते. आठ वर्षांच्या मुलाला हा भागाकार जमत नसला तरी "आई, हिच्यावर आठशे लिहिलंय" एवढं तो नक्की शोधून काढतो, आणि अगदी विजयी चेहऱ्याने.

दुसरं, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. दुधात घालायच्या पावडरीत साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा. बिस्किटांत मैद्याच्या पाठोपाठ काय आहे ते बघा. पुस्तकाच्या ओळीचे पैसे तिथूनच निघायचे आहेत.

६. पुस्तकाचे पैसे कुठून काढायचे

शंभर रुपयांच्या किराण्यामागे तीन रुपये. आठ हजारांचं बिल असेल तर २४० रुपये. ते काढायला डाळ-तेल कमी करायचं नाही. बिस्किटं, नूडल्स, दुधातली पावडर, सरबताच्या बाटल्या यांच्यातला एक पदार्थ एका महिन्यात बंद करायचा. सगळे एकदम बंद केलेत तर घरात बंड होईल आणि त्याचं खापर पुस्तकावर फुटेल. नाचणीचं सत्त्व आणि शेंगदाण्याचे लाडू हे पर्याय आहेत, पण मुलांना ते पहिल्या दिवशी आवडतील असं मी सांगणार नाही.

७. कुणाची पुस्तकं घ्यायची

पैसे कमी असले की एक चूक घडते: जाड, चकचकीत, 'एकशे एक गोष्टी' छापाचं पुस्तक घेतलं जातं, कारण पानामागे स्वस्त पडतं. किराण्याचा हिशेब इथे चालत नाही. त्यातल्या गोष्टी कुणी लिहिल्या, चित्रं कुणी काढली, याचा पत्ता नसतो आणि भाषा कोरडी ठाक असते. त्यापेक्षा चोवीस पानांचं पातळ पुस्तक घ्या, पण मुखपृष्ठावर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव हवं.

लहानांसाठी, म्हणजे तीन ते सहा-सात वर्षांसाठी, माझं पहिलं नाव माधुरी पुरंदरे. लिहितात त्याच आणि चित्रंही त्याच काढतात. 'राधाचं घर' आणि 'यश' ही त्यांची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. त्यात राजपुत्र नाहीत, पऱ्या नाहीत. आपल्या घरात असतात तशी माणसं आहेत आणि मुलं खरंच बोलतात तसं बोलणं आहे. 'संस्कार' करायचा आव नाही, हे मला सगळ्यात आवडतं. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. मूल मोठं झालं की त्यांचंच 'लिहावे नेटके' घ्या. ते व्याकरण आणि लेखनाचं आहे, आणि आईबाबांनाही उपयोगी पडतं.

खिशाला हलकं हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट. १९५७ पासूनची ही सरकारी संस्था आहे. त्यांच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पातळ पुस्तकं मराठीतही मिळतात आणि किमती पिझ्झ्याच्या बऱ्याच खाली असतात. मिकी पटेल यांची रूपा नावाच्या हत्तीची गोष्ट त्याच मालेतली. राखाडी रंगाला कंटाळलेल्या त्या हत्तीवर आमच्याकडे कितीतरी संध्याकाळी गेल्या. मूल इंग्रजी शाळेत असेल तर चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्वैभाषिक पुस्तकं बघा. एकाच पानावर दोन्ही भाषा असतात. त्याला शाळेतली वाचता येते आणि आजीला घरातली.

सहा ते नऊ या वयात कवितांना पर्याय नाही. विंदा करंदीकर मोठ्यांचे ज्ञानपीठविजेते कवी म्हणून आपल्याला माहीत असतात, पण मुलांसाठी त्यांनी जे लिहिलं ते वाचताना तुम्हालाच हसू आवरणार नाही. 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश' घ्या आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचायच्या या कविता नाहीत. राजीव तांबे यांच्या गोष्टीही याच वयाला चांगल्या.

एक सांगते. तुमच्या घरात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जात असेल तर पुस्तकातली भाषा मुलाला सुरुवातीला परकी वाटेल. नव्या शाळेत आधीच त्याच्या बोलण्यावर कुणीतरी हसलेलं असतं. अशा वेळी पुस्तक समोर धरून गोष्ट तुमच्या बोलीत सांगा. छापील ओळी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाचा. घाई करू नका.

नऊ ते बारा म्हणजे भा. रा. भागवत. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे आणि त्याचं ते 'ट्टॉक'! गाव सोडून शहरात आलेल्या मुलाला हा किडकिडीत पोरगा लगेच आपला वाटतो. मालिका मोठी आहे, एकदम संच घेऊ नका. एक घ्या आणि मूल दुसरं मागतं का बघा. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' त्याच्या पाठोपाठ. गुप्तहेरकथांची गोडी लागली की सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत आणि ते अनुवाद वाटतच नाहीत.

मासिक हवं तर 'किशोर'. बालभारती १९७१ पासून काढते आहे. वर्गणी थोडकी आणि दिवाळी अंक भरगच्च. वर्षाची वर्गणी एका महिन्याच्या पुस्तकाच्या ओळीत बसवा, पुढचे अकरा महिने घरी काहीतरी येत राहतं. अंक टपालाने येतो, म्हणून भाड्याचं घर बदललंत की पत्ता कळवायला विसरू नका.

८. विकत घेण्याआधी फुकटचं संपवा

प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केलं. तिथे मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं विनामूल्य वाचता येतात, डाउनलोड करता येतात, छापताही येतात, आणि हे सगळं कायदेशीर आहे. पुस्तकांना वाचनपातळ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. 'किशोर'चे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत. सत्तरच्या दशकातले अंक उघडलेत तर मुलं बाजूला राहतील आणि तुम्हीच वाचत बसाल.

लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली की आपल्याकडे लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांची गोष्ट वेगळी. मराठीत मुलांसाठी चांगलं लिहिणारे मोजकेच आहेत, त्यांच्या पुस्तकाची चोरी करून आपण कुठे जाणार?

९. वाचनालय: पहिल्या दोन महिन्यांतच नाव घाला

हा पट्टा वाचनालयांच्या बाबतीत श्रीमंत आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी आहे. सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे त्यांची वर्गणी खाजगी वाचनालयांपेक्षा सहसा बरीच कमी असते. खाजगी ठिकाणी नवी पुस्तकं लवकर येतात.

नाव घालायला फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी लागते. भाडेकरू असाल तर भाडेकरार चालतो का ते आधी फोनवर विचारा. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात, ग्राहक पंचायतीतल्या काकू इथे पुन्हा कामाला येतात. वर्गणी भरण्याआधी बालविभाग बघायला मागा. कपाट कुलूपबंद असेल आणि "मागाल ते काढून देऊ" म्हणत असतील तर तिथे मुलांसाठी पैसे भरू नका. मुलाला पुस्तक मागायला येत नाही, ते हाताळूनच निवडतं.

वाचनालयातून आणलेलं पुस्तक मूल परत द्यायला तयार नसेल, तिसऱ्यांदा तेच आणायला लावत असेल, तर ते विकत घ्या. यादीतल्या 'पुस्तक १' ची निवड करायची याहून खात्रीची पद्धत मला माहीत नाही.

१०. जिथे हमखास अडकायला होतं

"एकावर एक फुकट" असेल तर दोन्हींवरची 'वापरण्याची मुदत' बघा. बऱ्याचदा ती महिन्याभरात संपणारी असते.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, वजन कमी भरलं, तर वाण्याशी भांडत बसू नका. पावती ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. म्हणून पावती मागायची सवय लावा, सुट्या मालाचीही.

उधारीची वही सोयीची असते, पण तिच्यामुळे घेतलेल्या वस्तूचा भाव लक्षात राहत नाही. वहीवर घ्यायचंच असेल तर दर वस्तूपुढे भाव लिहून घ्या.

किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात. तिथे बहुतेक इंग्रजीच असतं आणि काट्यावर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं महाग पडतात. पातळ पुस्तकं निवडा. माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ पदपथावर जुनी पुस्तकं मिळतात, तिथे घासाघीस चालते. पण आधी पानं मोजा, लहान मुलांच्या जुन्या पुस्तकातलं मधलं पान हमखास फाटलेलं असतं.

दारावर ज्ञानकोशाचे संच हप्त्यावर विकायला येतात. घेऊ नका. कितीही गोड बोलले तरी घेऊ नका.

आणि वाचनालयाच्या अनामत रकमेची पावती रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा. भाड्याचं घर बदलून दुसऱ्या स्टेशनाला गेलात की पैसे परत मागताना तीच दाखवावी लागते.